वाचकांचे प्रश्न : अंड्यातलं पिल्लू आधीपासून आत असतं का?

मागच्या अंकात कोंबड्यांच्या रोगांबद्दल लिहिलं होतं, पण पत्रं आली ती रोगाबद्दल कमी आणि अंड्याच्या आत काय होतं याबद्दलच जास्त. मला फार बरं वाटलं. अठ्ठावीस वर्षं तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवलं आणि त्यात मला सगळ्यात जवळचा धडा म्हणजे गर्भाची वाढ, तोच धडा परीक्षेत ऑप्शनला टाकता येतो म्हणून पोरं सोडून द्यायची याचं वाईट वाटायचं. तर या खेपेला तेवढाच विषय. पहिल्या पत्रावर जरा जास्त बोलतो, कारण ताईंनी अंडी फोडून नीट बघितली आणि मोजून लिहिलं, असं पत्र क्वचित येतं.

दारव्हा तालुक्यातून एक ताई लिहितात : सर, माझ्याकडे सहा गावरानी कोंबड्या हायेत. मे महिन्यात एक खुडूक बसली तं तिच्याखाली १४ अंडे ठेवले, बारा-पंधरा दिवसांपासून टोपल्यात जमा करून ठेवले होते तेच. २१ दिवसांनी पाचच पिल्लं निघाले. बाकीचे फोडून पाह्यले तं चारात नुसतं पाणी अन् पिवळं, तिनात लाल धागे नाहीतं लाल कडं, अन् दोनात पुरं पिल्लू मेलेलं. सासूबाई म्हनतात मधात विजा कडाडल्या म्हणून अंडे बिघडले. काहून झालं असं? अन् पिल्लू आधीपासूनच अंड्यात बारीकसं असते का?

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, बाकीची उत्तरं त्याच्यातच आहेत.

पिल्लू आधीपासून नसतं. पण गंमत अशी की दोन-तीनशे वर्षांपूर्वीपर्यंत युरोपातले मोठमोठे विद्वान असंच मानायचे की अंड्यात नाहीतर नराच्या बीजात अगदी सुईच्या टोकाएवढा पूर्ण प्राणी असतो, हात पाय डोळे सगळं तयार, आणि तो फक्त फुगत जातो. १७५९ साली कास्पार फ्रिडरिख वुल्फ नावाच्या जर्मन तरुणाने या समजुतीला आव्हान दिलं आणि पुढं नऊ-दहा वर्षांनी कोंबडीच्याच अंड्यात दाखवलं की आतडं आधी नसतंच, एक सपाट पापुद्रा असतो, तो दुमडतो आणि त्याची नळी होते. म्हणजे आधी नसलेली गोष्ट टप्प्याटप्प्याने घडते, आणि प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा राहतो, घराचा पाया, मग भिंती, मग छप्पर तसं. पाया कच्चा राहिला तर वरचं कितीही चांगलं असो, टिकत नाही.

आता हे घडायला सुरुवात कधी होते? आपण समजतो कोंबडी बसली की. खरं म्हणजे अंडं तुमच्या हातात येतं तेव्हा आतला जीव साधारण एक दिवसाचा झालेला असतो. कोंबडीच्या पोटात पिवळा बलक सुटतो, तो नळीच्या तोंडाशी येतो आणि तिथंच पंधरा-वीस मिनिटांच्या आत कोंबड्याचं बीज त्याला मिळायचं असतं, नंतर पांढरं चढलं की वाट बंद. (कोंबडीच्या पोटात बीज साठवायच्या बारीक खाचा असतात म्हणून कोंबडा एकदा जवळ आला तरी पुढं दोन आठवडे अंडी सजीव निघू शकतात.) मग पांढरं, मग पातळ पडदा, आणि टरफल चढायलाच वीसेक तास लागतात. हे वरून चढत असताना बलकावरच्या एका बारीक ठिपक्यात पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ अशा फुटत असतात. अंडं घातलं जातं त्या वेळी तिथं हजारो पेशींची एक चकती झालेली असते, जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद. घरचं गावरान अंडं हळूच बशीत फोडा, बलकावर पांढरा ठिपका दिसेल, त्याला स्पष्ट गोल कडं असेल तर ते सजीव अंडं, आणि नुसता लहान घट्ट पांढरा ठिपका असेल तर त्यात कोंबड्याचं बीज पोचलंच नाही.

बाहेर आल्यावर अंडं थंड होतं आणि ती चकती थांबून राहते. मरत नाही, थांबते. साधारण २०-२१ अंशांच्या खाली ती पूर्ण थांबलेली असते, कोंबडीच्या पोटाखाली ३७-३८ अंश मिळाले की पुन्हा नीट चालू होते. आता सांगा, मे महिन्यात आपल्या दारव्ह्याला, यवतमाळला, टिनाच्या घरात रात्रीसुद्धा किती अंश असतात? तीस-पस्तीस. म्हणजे ना पूर्ण थांबायला मिळालं ना नीट वाढायला. टोपल्यात बारा-पंधरा दिवस ती चकती अर्धवट गरमीत थोडं थोडं वेडंवाकडं चालत राहिली, दुबळी झाली, आणि वरून कोंबडी बसेपर्यंत काही अंडी संपलेली होती. तुमच्या चार पाणी-पिवळं अंड्यांपैकी काहीत बीज मिळालंच नसेल आणि काही अशी सुरुवातीलाच गेली असतील, एकवीस दिवसांनंतर नुसत्या डोळ्याने या दोन्हीत फरक करता येत नाही.

लाल धागेवाली तीन अंडी मला फार बोलकी वाटली. ती का तशी दिसली ते कळायला पहिले तीन दिवस बघावे लागतात. बसवल्यावर पहिल्याच दिवशी त्या चकतीच्या मधोमध एक रेघ उमटते. त्या रेघेतून वरच्या पेशी आत शिरतात, बाजाराच्या दिवशी वेशीतून माणसं आत जातात आणि आपापल्या ओळीला लागतात तसं, आणि एका थराचे तीन थर होतात. वरच्या थरापासून कातडी, पिसं, मेंदू, नसा. मधल्यापासून हाडं, मांस, हृदय, रक्त. खालच्यापासून आतडं, फुप्फुस, यकृत यांचं अस्तर. हे तीन थर कोंबडीच्या अंड्यात पहिल्यांदा ओळखले ख्रिस्तियान पांडरने, १८१७ साली, आणि पुढं कळलं की मासा घ्या, बेडूक घ्या, गाय घ्या, माणूस घ्या, सगळ्यांत हेच तीन थर. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, अजूनही येतो.

मग पाठीच्या बाजूला दोन कडा उचलल्या जातात आणि जवळ येऊन जुळतात, करंजीच्या कडा आपण चिमटीने बंद करत जातो अगदी तसं, आणि आत जी पोकळ नळी राहते तिचाच पुढं मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू होतो. दुसऱ्या दिवशी हृदय धडधडायला लागतं. डोळा नीट नाही, पाय नाही, चोच नाही आणि हृदय चालू! त्याच वेळी बाजूला बलकावर रक्ताचे ठिपके पडून त्यांचे धागे होतात, ते हृदयाला जाऊन जोडतात आणि बलकातलं अन्न आत यायला लागतं. ॲरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी रोज एक अंडं फोडून हे बघितलं होतं आणि तिसऱ्या दिवशी उडणारा लाल ठिपका दिसतो असं लिहून ठेवलंय. आम्ही एमएस्सीला असताना ७२ तास उबवलेल्या अंड्याच्या टरफलाला कात्रीने बारीक खिडकी पाडली, आणि तो ठिपका टकटक हलताना दिसला तेव्हा आमच्या वर्गातली गडबड एकदम बंद झाली होती. आपल्या पुण्यात लीला मुल्हेरकर मॅडमनी कोंबडीचा गर्भ अंड्याबाहेर काचेच्या बशीत वाढवून अभ्यासायची पद्धत आणली, विद्यापीठात पिढ्या घडवल्या, त्या पद्धतीतलं थोडंफार आमच्यापर्यंतही पोचलं.

तर ताई, लाल धागे दिसले म्हणजे हृदय चालू झालं होतं, रक्त धावत होतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या आसपास ते बंद पडलं. लाल कडं म्हणजे मेल्यावर रक्त कडेला जाऊन साचलं. आधी दुबळं झालेलं पिल्लू इथं अडखळतं, नाहीतर त्या दिवसांत कोंबडी फार वेळ उठून राहिली असेल. आणि पूर्ण वाढून मेलेली दोन, त्यांचं कारण वेगळं. आपला मे म्हणजे कोरडी हवा, आतला पडदा वाळून चिवट होतो आणि पिल्लाला तो फाडता येत नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. विजेच्या आवाजाने आत काही बिघडत नाही, पण वादळ-वाऱ्यात कोंबडी घाबरून उठते आणि बराच वेळ परत बसत नाही, त्यांनी तसं बघितलं असणार आणि त्यावरून म्हणत असतील.

पुढच्या वेळी एवढं करा. अंडी सात दिवसांच्या वरची बसवू नका. माठाखालच्या ओल्या वाळूजवळ, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, धान्यात जाडं टोक वर करून ठेवा, धुवू नका. टोपल्यात कुटार टाकाल त्याच्या खाली ओलसर मातीचा थर द्या, शेवटच्या तीन-चार दिवसांत आजूबाजूला पाणी शिंपडा. सातव्या रात्री अंधारात टॉर्च लावून बघा, कोळ्यासारखं जाळं दिसलं तर चांगलं, पूर्ण साफ दिसलं तर काढून टाका. कोंबडी स्वतः अंडी फिरवते म्हणून तुम्ही हात लावायची गरज नाही. फिरवली नाहीत तर गर्भ पडद्याला चिकटतो, मशीनमधेसुद्धा म्हणूनच अंडी फिरवत ठेवतात. आणि जमलं तर मे सोडून द्या, दिवाळीनंतर बसवा.

त्याच पाकिटात ताईंच्या मुलाचा प्रश्न : दुकानातलं अंडं खाल्लं तं जीव मारला असं होते का?

नाही बेटा. लेअर फार्मवर, म्हणजे फक्त अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथं, कोंबडा ठेवतच नाहीत, त्या अंड्यांत कोंबड्याचं बीज नसतं, कितीही उबवलं तरी पिल्लू होणार नाही. कधी बलकावर लाल ठिपका दिसतो तोही पिल्लाचा नसतो, अंडं सुटताना कोंबडीची बारीक रक्तवाहिनी तुटलेली असते.

आर्वीकडून एक शेतकरी भाऊ : आमच्याकडे दोन गवळाऊ गाई. एकीला मार्चमधे डॉक्टरांकडून भरवली. २१ दिवसांनी माजावर नाही आली तं आम्ही समजलो गाभण राह्यली. पण पस्तिसाव्या दिवशी उलटली, परत माजावर आली. डॉक्टर म्हणाले गर्भ राहिला होता, गेला. बाहेर तं काहीच पडलं नाही, मग गेला कुठं? अन् गर्भ बदलीच्या कामात सातव्याच दिवशी काहून काढतात?

भाऊ, डॉक्टरांचं बरोबर आहे, असंच झालेलं असण्याची शक्यता जास्त. गाईचं बीजांड कोंबडीसारखं मोठं नसतं, डोळ्याला जेमतेम ठिपका दिसेल एवढंही नाही, कारण त्याला बलकाची शिदोरी लागत नाही, पुढं आईकडूनच मिळणार असते. (सस्तन प्राण्यांचं बीजांड पहिल्यांदा कोणी बघितलं माहिती आहे? कार्ल फॉन बेअरने, १८२७ साली, कुत्रीत. तोवर कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं.) ते गर्भनळीत फलित होतं, तिथंच फुटत फुटत चौथ्या-पाचव्या दिवशी गर्भपिशवीत उतरतं. सातव्या दिवशी तो एक पोकळ गोळा असतो, बाहेरून पारदर्शक कवच, आत एका बाजूला पेशींचा झुबका, त्या झुबक्याचं वासरू आणि बाहेरच्या थराचा जार. तो गोळा पिशवीच्या भिंतीला कुठंही चिकटलेला नसतो, सुटा असतो, कवचही शाबूत असतं, म्हणून सातव्या दिवशी पिशवीत पाणी सोडून तो धुऊन काढता येतो आणि दुसऱ्या गाईत ठेवता येतो, ऑपरेशन लागत नाही. दहाव्या दिवसाच्या सुमाराला कवच फुटतं, मग तो लांबत जातो, सोळा-सतरा दिवसांपर्यंत वितीएवढा बारीक धागा होतो. आणि तेव्हा एक फार महत्त्वाची गोष्ट घडते, तो धागा इंटरफेरॉन टाऊ नावाचं एक प्रथिन सोडतो. तो निरोप मिळाला की गाय पुढचा माज थांबवते. निरोप नाही आला तर २१ दिवसांनी माज.

आता तुमच्या गाईचं बघा. एकविसाव्या दिवशी आली नाही म्हणजे निरोप पोचला होता, गर्भ तेवढा जगला होता. नंतर भिंतीला धरायच्या दिवसांत तो गेला. एवढासा नाजूक जीव, तो पिशवीतच विरघळून जातो नाहीतर थोड्या चिकट पाण्यासोबत निघून जातो, आपल्याला कोठ्यात काहीच दिसत नाही.

पण मला काळजी पुढच्या वेळेची आहे. विदर्भात मार्च ते जून गाई भरवल्या की उलटायचं प्रमाण वाढतं हे तुम्ही स्वतः बघत असाल. उन्हाचा सगळ्यात मोठा फटका पहिल्या दोन-तीन दिवसांच्या गर्भाला बसतो, त्या पेशींना अजून तापापासून स्वतःला सांभाळणं जमत नसतं, चार-पाच दिवसांनी थोडं जमायला लागतं. आपण नेमकं उलटं करतो, भरवली की संध्याकाळी काम झालं म्हणून दुसऱ्या दिवशी भर उन्हात चरायला सोडतो आणि सहा महिन्यांनी पोट दिसलं की जपायला लागतो. तुम्ही पहिला आठवडा जपा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, मग आठ दिवस दुपारी सावली, अंगावर पाणी, प्यायला गार पाणी, लांबचा प्रवास नको, आणि खुराकात एकदम बदल नको. पुढचे नऊ महिने नऊ दिवस या आठ दिवसांवर उभे आहेत. आणि गाय दोन-तीनदा उलटली तर मात्र पिशवी तपासून घ्या, तिथं घाण असेल तर सावली देऊन भागणार नाही.

चिमूर तालुक्यातली नववीतली मुलगी : पहिल्या पावसात धुऱ्याजवळच्या डबक्यात बेडकाची अंडी पाहिली, जेलीसारखी. सगळी वरून काळी अन् खालून पांढरी. मी उलटी करून पाहिली तर थोड्या वेळाने परत काळी बाजू वर. असं का?

शाब्बास, तू उलटी करून बघितलीस! खालच्या पांढऱ्या भागात बलक असतो, तो जड, म्हणून ते अंडं आपल्या जेलीच्या आत पुन्हा सरळ होतं. काळ्या बाजूला पेशी भराभर फुटतात आणि लहान राहतात, बलकाच्या बाजूला हळू फुटतात आणि मोठ्या राहतात. भिंग असेल तर अंडी घातल्यावर काही तासांत जाऊन बघ, संत्र्याच्या फोडीसारख्या चिरा दिसतील. अंडं मोठं होत नाही हे लक्षात ठेव, तेच अंडं फक्त बारीक बारीक वाटलं जातं. आपल्या उकाड्यात एक-दोन दिवसांत शेपटीवाली पिल्लं बाहेर येतात म्हणून उशीर करू नकोस, आणि अंडी घरी नेऊ नको, डबक्यापाशीच बघ, नळाच्या पाण्यात ती जगत नाहीत.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली तर मला चैन पडणार नाही. जर्मनीत हान्स श्पेमान नावाचे शास्त्रज्ञ बेडकाच्या भाऊबंदाची, सॅलमँडरची अंडी आपल्या तान्ह्या बाळाच्या केसाने बांधून दोन भाग करायचे, कारण तेवढा मऊ आणि बारीक दोरा दुसरा नव्हता. त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड, तिने एका गर्भात जिथून पेशी आत शिरतात त्या भोकाच्या काठाचा एक बारीक तुकडा काढून दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडच्या बाजूला लावला. तर त्या गर्भाला तिथं दुसरी पाठ, दुसरा मेंदू, जवळजवळ दुसरा जुळा भाऊच तयार झाला, आणि त्यातला बराचसा भाग दिलेल्या तुकड्याचा नव्हता, शेजारच्या पेशींनीच त्या तुकड्याचं ऐकून बनवला होता. म्हणजे पेशी एकमेकींना सांगतात काय व्हायचं ते. हे १९२४ साली छापून आलं, त्याच वर्षी हिल्डे घरात स्टोव्हच्या भडक्यात गेली, वय २५. १९३५ चं नोबेल श्पेमानना मिळालं. आपल्या शाळेत तुला हे नाव कोणी सांगितलं नसेल तर तू वर्गात सांग.

हिंगणघाटहून एक कापूस उत्पादक : ट्रायकोकार्डवरची अंडी काळी काहून असतात? अन् कार्ड लावूनही अळी आली तं कार्ड खोटं होतं का?

त्या कार्डावर तांदळातल्या पतंगाची अंडी चिकटवलेली असतात, आणि ट्रायकोग्रामा नावाच्या बारीक गांधीलमाशीने त्या प्रत्येकात स्वतःचं अंडं घातलेलं असतं. आत तिची पिल्लं पतंगाचा गर्भ खाऊन मोठी होतात आणि त्या वाढीतच अंड्याला आतून काळा रंग चढतो. काळं असलं म्हणजे कार्ड चांगलं, पिवळंच राहिलं असेल तर आत माशी नाही.

अळी आली त्याचं कारण बहुतेक वेळेचं असणार. पतंगाचं अंडं ताजं असतं तेव्हा आत नुसता पातळ रस असतो. पतंगासारख्या किड्यांत सुरुवातीला पेशींच्या भिंतीसुद्धा पडत नाहीत, केंद्रकंच फुटत राहतात आणि मग कडेला जाऊन भिंती बांधतात. अशा कोवळ्या अंड्यात ट्रायकोग्रामाचं पिल्लू सहज वाढतं. दोन-तीन दिवस गेले, आत अळीचं डोकं, कातडी तयार झाली की तिथं माशीचं काही चालत नाही. आणि बोंडअळीचं अंडं चार-सहा दिवसांतच फुटतं. म्हणून बोंडं पोखरलेली दिसल्यावर कार्ड लावून फायदा नाही, कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) पतंग दिसायला लागले त्याच आठवड्यात, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला लावा, आणि पुढं आठवडाभर त्या वावरात रासायनिक फवारणी टाळा, नाहीतर अळीच्या आधी माशीच मरते.